दोराला हात हवा

आठवड्यातली सरावाची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं दगडी चर्च, त्याच्या मनोऱ्याच्या पोटात एक चौकोनी खोली. छताला सहा भोकं, त्यांतून सहा दोर खाली उतरलेले. प्रत्येक दोरावर हाताच्या उंचीला लोकरीची जाड, पट्ट्यापट्ट्यांची पकड. तिला 'सॅली' म्हणतात. भिंतीवर काळ्या पाट्यांवर सोनेरी अक्षरांत शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वादकांची नावं. दोर सहा आहेत, माणसं चार. पाचवा वादक शेजारच्या गावाहून गाडीने यायचा आहे. सहावं कोणी नाही, म्हणून आज पाचच घंटा वाजतील. सर्वांत मोठी, गावाच्या पलीकडच्या शेतांपर्यंत ऐकू जाणारी घंटा गप्प राहील. हे दृश्य एका गावाचं नाही. थोड्याफार फरकाने ते इंग्लंडच्या शेकडो गावांत दर आठवड्याला दिसतं.

या अंकासाठी संपादकांनी 'गावाचा आवाज' हा विषय दिला, तेव्हा इंग्लंडच्या गावाचा आवाज म्हणजे काय याचं उत्तर शोधावं लागलं नाही. तो आवाज चर्चच्या घंटांचा. पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या घंटांचे वाजवण्याजोगे संच एकट्या इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक मनोऱ्यांत आहेत आणि त्यांतले बहुतेक खेड्यांत. वेल्स, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथले संच धरले तरी जगातला सिंहाचा वाटा इंग्लंडचाच राहतो. म्हणजे घंटांची कमतरता नाही. तरीही ही कला अडचणीत आहे. त्याचं कारण सांगताना घटती श्रद्धा, रिकामी चर्चं, बदललेला काळ अशी ठरावीक यादी पुढे केली जाते. ती अपुरी आहे. ही कला धातूत नाही, एका ठिकाणी एका वेळी जमणाऱ्या सहा-आठ माणसांत आहे. घंटा पैशाने वाचवता येते. वादन वाचवायला गाव लागतं, आणि गाव पैशाने विकत आणता येत नाही. सगळी अडचण इथे आहे.

उलटी उभी घंटा

हे पटायला आधी ही घंटा वाजते कशी ते पाहावं लागेल. आपल्याकडची देवळातली घंटा स्थिर असते. आपण लोलक हलवतो, तो कडेवर आपटतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी घंटा थोडीशी झुलवतात. इंग्लंडमध्ये मात्र घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते, दोर त्या चाकावरून फिरतो आणि वादन सुरू होण्याआधी घंटा तोंड वर करून उलटी उभी केलेली असते. दोर ओढला की ती खाली कोसळते, पूर्ण फेरी घेऊन दुसऱ्या बाजूला पुन्हा तोंड वर करून उभी राहते. त्या एका फेरीत लोलक एकदाच आपटतो. पुढच्या ओढीला ती उलट दिशेने फिरते. गावातल्या संचातली लहान घंटा दोन-तीनशे किलोची, मोठी पाच-सातशे किलोची असू शकते. तरी दहा-अकरा वर्षांचं मूल ती फिरवू शकतं, कारण इथे जोर लावायचा नसतो, तोल ओळखायचा असतो. घंटा शिखरावर क्षणभर थांबते त्या क्षणी तिला किंचित रोखून धरलं तर पुढचा टोल उशिरा पडतो. शिखरापर्यंत पोचू न देता आधीच परत ओढली तर तो लवकर पडतो. वादकाच्या हाती असते ती एवढीच मुभा.

या मुभेतून एक नियम आपोआप निघतो. एवढ्या वजनाच्या घंटेला एका फेरीत फार पुढे किंवा फार मागे नेता येत नाही, फक्त शेजारणीशी जागा बदलता येते. त्यामुळे या घंटांवर गाण्याची धून वाजवणं व्यवहारात शक्य नाही. सतराव्या शतकात इंग्रज वादकांनी या अडचणीतूनच वेगळं संगीत काढलं. आधी घंटा लहानीपासून मोठीपर्यंत क्रमाने वाजवायच्या. मग प्रत्येक फेरीत शेजारच्या जोड्या जागा बदलत जातील आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येणार नाही अशा बेताने पुढे जायचं. शेवटी पुन्हा मूळ क्रमावर यायचं. याला 'चेंज रिंगिंग' म्हणतात. त्यावरचं पहिलं छापील पुस्तक 1668 सालचं आहे, आणि फेबियन स्टेडमन या लंडनच्या मुद्रकाचं 'कॅम्पानालोजिया' 1677 सालचं. स्टेडमनचं नाव आजही वादकांच्या तोंडी आहे.

यासाठी कागद समोर ठेवत नाहीत. सगळं पाठ असतं. आपली घंटा कोणाच्या मागे, कोणाच्या पुढे जाणार याची वाट वादकाच्या डोक्यात असते आणि डोळे इतरांच्या दोरांवर. वादनाआधी सर्वांत लहान घंटेचा वादक ती निघाल्याची हाक देतो. त्यानंतर खोलीत सूत्रधाराच्या एखाद्या इशाऱ्याखेरीज कोणी बोलत नाही. एकाचं लक्ष चुकलं की दोन घंटांचे टोल एकमेकांवर आदळतात आणि ती चूक साऱ्या गावाला ऐकू जाते.

देवगिरीत मोजलेला आकडा

मराठी वाचकाला हे सारं परकं वाटायचं कारण नाही. सात घंटांचे वेगवेगळे क्रम होतात 5040. या वादनातला 'पील' हा मानाचा टप्पा याच आकड्यावर बेतलेला आहे. पाच हजारांवर क्रम न थांबता, न चुकता वाजवायला साधारण तीन तास लागतात. पहिला खरा पील 1715 साली नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये वाजला असं मानतात. नेमका हाच 5040 चा आकडा त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, आपल्या देवगिरीत लिहिला गेला होता. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांच्या कूटतानांची संख्या दिली आहे, आणि कितव्या जागी कोणती तान येईल हे काढायला 'खंडमेरू' नावाचा कोठाही दिला आहे. 'लीलावती'तलं अंकपाशाचं प्रकरण याच जातीचं. दोन्हीकडे गणित एक, पण उपयोग निराळा. शार्ङ्गदेवाला स्वरांच्या शक्यता मोजून नोंदवायच्या होत्या. इंग्रज वादकांना त्या एकामागून एक, एकही न गाळता, हाताने वाजवायच्या होत्या.

आठ घंटांचे क्रम होतात 40,320. 1963 सालच्या जुलैमध्ये लफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यातल्या मनोऱ्यात आठ जणांनी ते सगळे वाजवले. एकानेही दोर दुसऱ्याच्या हाती न देता, जवळपास अठरा तास. बारा घंटांचे सगळे क्रम वाजवायचे तर तीस वर्षांहून अधिक काळ अखंड वाजवावं लागेल. असे विक्रम ऐकायला थोर वाटतात, पण खेड्यांशी त्यांचा संबंध कमी. गावातल्या ताफ्याची मजल बहुधा सहा घंटांवरच्या साध्या रचनेपर्यंत असते, आणि रविवारी सकाळी गावाला ऐकू येतं ते तेवढंच. या दोन टोकांमधलं अंतर पुढच्या अडचणीचा एक भाग आहे.

गावाची खबर

एके काळी या घंटा गावाचं वर्तमानपत्र होत्या. कोणी वारलं की पुरुषासाठी तीनदा तीन, बाईसाठी तीनदा दोन असे टोल देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती, आणि मग वयाइतके टोल. शेतात काम करणारा माणूस ते मोजून कोण गेलं हे ओळखत असे. सुगीनंतर सरवा वेचायला बायकामुलांनी शेतात कधी शिरायचं आणि कधी निघायचं, हेही काही गावांत घंटा सांगत असे, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी मिळे. दुसऱ्या महायुद्धात, जून 1940 मध्ये, सरकारने घंटांवर बंदी घातली. शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरले तरच त्या वाजवायच्या असं ठरलं. नोव्हेंबर 1942 मध्ये अल अलामेनच्या विजयासाठी त्या एका दिवसापुरत्या वाजल्या, आणि 1943 साली बंदी उठली. गावाच्या आवाजाला एवढं वजन होतं की तो गप्प करायला आणि पुन्हा सुरू करायला देशाच्या सरकारला निर्णय घ्यावा लागला.

वादक मात्र नेहमी सोज्वळ नव्हते. अठराव्या शतकातल्या खेड्यातले ताफे बियरच्या मोठ्या घागरी मनोऱ्यात ठेवत, बक्षिसांसाठी स्पर्धा करत आणि घंटा वाजवून झाल्या की प्रार्थनेला न थांबता निघून जात. मनोऱ्याच्या भिंतींवर टोपी किंवा टाचेचा काटा घालून आत येणाऱ्याला दंडाची ताकीद देणाऱ्या पाट्या आजही दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाद्र्यांनी मनोऱ्यांत शिस्त आणली, परगण्यांचे संघ स्थापन झाले, 1891 साली मध्यवर्ती परिषद उभी राहिली. 1896 मध्ये ॲलिस व्हाइट या स्त्रीने पूर्ण पील वाजवला. तोवर पुरुषांचा मानलेला हा दोर पुढच्या काळात बायकांच्या हाती आला नसता, तर आज किती ताफे उरले असते याचा विचार करून पाहावा.

पैसा धातूकडे जातो

गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब मांडला तर एक विसंगती ठळक दिसते. 2000 सालच्या निमित्ताने लॉटरीच्या निधीतून कितीतरी मनोऱ्यांतल्या घंटा दुरुस्त झाल्या, काही नव्याने ओतल्या गेल्या. गावोगाव पेट्या फिरवून, जत्रा भरवून लोकांनी आपला वाटा उचलला. हे सारं कौतुकाचं. तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू शतकानुशतकं टिकतो. बेअरिंगं बदलली, चौकट बळकट केली, चाकं नवी बसवली की घंटा पुन्हा दोनशे वर्षांना तयार. पण दुरुस्तीचा समारंभ झाल्यावर काही वर्षांत तोच मनोरा पुन्हा शांत होऊ शकतो, कारण घंटेच्या आयुष्याशी ताफ्याच्या आयुष्याचा मेळ नसतो. ताफा दहा-पंधरा वर्षांत मोडतो. एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, एक मुलीकडे राहायला गेलेला, एक वारलेला, एवढ्याने सहाचे तीन होतात.

नवी माणसं का येत नाहीत? येतात, पण थांबत नाहीत, आणि ती त्यांची चूक नाही. बारा-तेरा वर्षांचं मूल शिकायला लागतं, अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या गावी जातं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला विद्यार्थी-वादकांच्या संस्था एकोणिसाव्या शतकापासून आहेत, आज इतर अनेक विद्यापीठांतही आहेत. तिथे त्या मुलाची कला फुलते, आणि मग नोकरीच्या शहरातल्या बारा घंटांच्या उत्तम ताफ्याला तो मिळतो. खेडं शिकवतं आणि शहर वाजवतं. कोकणातल्या घराघराने हा अनुभव वेगळ्या संदर्भात घेतला आहे. त्यातच डेव्हन, कॉर्नवॉलसारख्या देखण्या भागांत घरं सुट्टीपुरती येणाऱ्या श्रीमंतांनी घेतलेली. तरुण जोडप्याला गावात घर परवडत नाही, गावातली शाळा बंद, बस दिवसातून दोनदा. ज्या गावात दर मंगळवारी संध्याकाळी तीच सहा माणसं असण्याची खात्री नाही, तिथे चेंज रिंगिंग होऊ शकत नाही.

धर्माचा भाग यात नाही असं नव्हे. एकेका पाद्र्याकडे सहा-आठ गावांची चर्चं असतात, प्रार्थना आळीपाळीने होते, त्यामुळे एखाद्या मनोऱ्याची घंटा महिन्यातून एकदाच लागते. पण वादकांपैकी पुष्कळ जण प्रार्थनेला न बसणारे, काही श्रद्धा न मानणारेही आहेत. ते येतात ते वादनासाठी आणि एकमेकांसाठी. घटती श्रद्धा हेच मूळ असतं तर असे लोक कधीच गेले असते. 2018 साली, पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सुमारे 1400 वादकांच्या जागी तेवढेच नवे वादक तयार करण्याची मोहीम निघाली, आणि त्याहून बरेच अधिक लोक पुढे आले. 2023 च्या मे महिन्यात राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी पुन्हा तसंच झालं. हौसेची वाण नाही. मोहिमेचा दिवस उलटल्यावर त्या माणसाला दर आठवड्याला शिकवायला कोणी आहे का, हा प्रश्न उरतो. नुसता दोर सुरक्षितपणे हाताळायला दहा-पंधरा तास एकास एक शिकवणी लागते. त्यापुढे इतरांबरोबर तालात वाजवायला महिने. मार्च 2020 मध्ये करोनाने सगळे मनोरे बंद केले, आणि बंद खोलीत हातभर अंतरावर उभं राहून करायची ही कला सर्वांत शेवटी मोकळी होणाऱ्या गोष्टींत होती. त्या काळात 'रिंगिंग रूम' नावाचं संकेतस्थळ काढून लोकांनी घरोघरून सराव चालू ठेवला. पण आधीच म्हाताऱ्या झालेल्या ताफ्यांतले काही जण पुन्हा जिना चढले नाहीत.

मग यंत्र का नको?

इथे एक सरळ आक्षेप येतो. माणसं मिळत नसतील तर मोटार बसवावी, ध्वनिमुद्रण लावावं, गावाला आवाज मिळाल्याशी कारण. या आक्षेपाला स्पेनने उत्तर देऊन ठेवलं आहे. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोऱ्यांवर विजेच्या मोटारी बसल्या. प्रत्येक गावाचे, प्रत्येक प्रसंगाचे निराळे असलेले टोल मोटारीच्या एकाच ठेक्यात विरले आणि ते जाणणारे घंटावाले संपत गेले. मग उरलेल्यांकडून शिकून हाताने वाजवण्याची चळवळ उभी करावी लागली. 2022 साली युनेस्कोने स्पेनमधल्या हाताने घंटा वाजवण्याच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यंत्राने आवाज दिला, पण त्या आवाजामागचं जाणणं नेलं. इंग्रजी वादनात तर हा तोटा आणखी मोठा, कारण क्रमांची ती विणकाम केल्यासारखी रचना ऐकणाऱ्यासाठी जेवढी आहे त्याहून जास्त वाजवणाऱ्यासाठी आहे.

दुसरा आक्षेप गावात नव्याने राहायला आलेल्यांचा. शांततेसाठी इथे घर घेतलं आणि सरावाचे दोन तास डोकं उठतं. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नवशिक्याचं अडखळतं वाजणं ऐकणं खरोखर त्रासाचं असतं. पण त्यावर उपाय आहे. लोलक बांधून ठेवायचा आणि घंटेच्या चाकाजवळ संवेदक बसवून आवाज संगणकातून फक्त खोलीत ऐकवायचा. अशी सोय असलेल्या मनोऱ्यात नवशिका तासन् तास चुकू शकतो आणि गावाला कळतही नाही. ताफ्याने वेळा पाळल्या आणि सरावाचं वेळापत्रक गावच्या फलकावर लावलं की बहुतेक वाद तिथेच मिटतात.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो वादकांकडूनच येतो. शहरांत चांगले ताफे आहेत, कला तिथे जिवंत राहील, मग प्रत्येक खेड्यात ताफा हवाच कशाला? सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावाकडे पाहिलं की याचं उत्तर मिळतं. तिथे सोळाव्या शतकात मनोरा पुरा झाला नाही, म्हणून 1531 साली घंटांसाठी तात्पुरता लाकडी पिंजरा बांधला. त्या पाच घंटा, मिळून चार टनांहून जड, आजही जमिनीलगत त्याच पिंजऱ्यात आहेत. तिथे दोर नाही, चाक नाही. वादक घंटेशेजारी उभा राहून तिच्या वरच्या लाकडाला हात घालून तिला फिरवतो. ही रीत शहरातल्या उत्तमातल्या उत्तम वादकाला येत नाही, ती त्या गावातच शिकावी लागते. प्रत्येक मनोरा एवढा वेगळा नसतो, पण प्रत्येकाचे दोर निराळे पडतात, प्रत्येक घंटेची खोड निराळी असते. आणि वर दाखवलं तसं, शहराच्या ताफ्याला माणसं पुरवतं ते खेडंच. मुळं सुकल्यावर फांदी किती दिवस हिरवी राहणार?

नाशिकची घंटा आणि पुण्याच्या आठ

धातू आणि माणूस यांतला फरक महाराष्ट्रातही पाहता येतो. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चांच्या पोर्तुगीज घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची 1721 सालची घंटा त्यांतली. तिचा आवाज एवढा गाजला की खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण नारोशंकराची घंटा म्हणू लागलो. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशाच घंटा आहेत. या घंटांचा देव बदलला, भाषा बदलली, गाव बदललं, तरी त्यांना वाजायला काही अडचण आली नाही. कारण त्या एका हाताने वाजतात.

आता पुण्यातलं पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय पाहावं. 1890 साली तिथे घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावं लागलं, ते हेच आवार. तिथल्या उंच मनोऱ्यात इंग्लंडच्या पद्धतीचा आठ घंटांचा संच चढवला गेला. धातू समुद्र ओलांडून आला, पेठेत उभा राहिला. पण पिढ्यान् पिढ्या चेंज रिंगिंग करणारा आठ जणांचा ताफा काही त्याच्याबरोबर जहाजातून आला नाही, आणि ती परंपरा इथे रुजली नाही.

डेव्हनचं साधं वादन

उपाय काय, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पैशाचा मोठा हिस्सा धातूकडून शिकवणाऱ्याकडे वळला पाहिजे. लंडनचा व्हाइटचॅपलचा कारखाना, 1570 पासून चालत आलेला, 2017 साली बंद झाला तेव्हा बातम्या झाल्या, सह्यांच्या मोहिमा झाल्या. एखाद्या खेड्यातला शिकवणारा वादक थकून घरी बसतो तेव्हा बातमी होत नाही, पण नुकसान तेवढंच. शिक्षकांची स्वतंत्र संघटना आता टप्प्याटप्प्याने शिकवण्याचा अभ्यासक्रम चालवते. तिच्याइतकी मदत दुसऱ्या कुठल्याही गोष्टीला नको. चार-पाच गावांनी मिळून एक ताफा करावा, दर आठवड्याला एका मनोऱ्यात जमावं. अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी आपोआप झालीच आहे, फक्त तिला अपयश समजायचं थांबवायला हवं.

आणि कलेच्या मानदंडाकडेही पुन्हा पाहावं. डेव्हनमध्ये फार मोठ्या संख्येने खेड्यांत संच आहेत आणि तिथे रचना पाठ करण्याऐवजी एक जण मोठ्याने सांगतो तसा क्रम बदलण्याची जुनी पद्धत टिकून आहे. गणिताच्या अभिमान्यांना ती खालची वाटते. पण तिथल्या स्पर्धांत परीक्षक रचनेचे गुण देत नाहीत, टोल किती समान अंतरावर पडले ते मोजतात, आणि तसं नेमकं वाजवणं मुळीच सोपं नाही. शेतकरी, सुतार, शाळेतली पोरं यांना वर्षाच्या आत गावासमोर मानाने वाजवता येतं. ज्या नवशिक्याला पहिल्या वर्षातच 'तुला रचना जमत नाही' असं ऐकावं लागतं, तो परत येत नाही. खेड्यातला ताफा टिकवायचा तर डेव्हनकडून हे शिकावं लागेल.

शेवटी एक विनंती, इंग्लंडात घर केलेल्या मराठी वाचकांना. दोर धरायला ख्रिस्ती असावं लागत नाही, संगीत यावं लागत नाही, ताकद लागत नाही. मुलं दहा-अकराव्या वर्षी शिकू शकतात, आजोबाही शिकू शकतात. शिकवण्याचे पैसे बहुधा कोणी घेत नाही. तुमच्या गावच्या चर्चच्या दारावरच्या फलकावर सरावाचा वार लिहिलेला असेल. त्या संध्याकाळी जिन्याचं दार उघडं असतं. वर जाऊन विचारा, तुम्हाला एक माणूस कमी पडतंय का.